मे महिन्यात कोकरांना काय घालायचं: कडबा, पेंड, लसूणघास की मुरघास?

मार्च संपला की कोकरांचं वजन अडतं, हे मेंढरं पाळणाऱ्याला सांगायला नको. दिवाळीच्या पुढेमागे जन्मलेली पिल्लं फेब्रुवारीपर्यंत झकास भरत असतात, आईचं दूध असतं, ज्वारी-हरभऱ्याची रानं मोकळी झालेली असतात, आणि मग एप्रिलात रानातलं सगळं संपतं, ऊन चाळिशी ओलांडतं आणि काटा महिनाभर तिथल्या तिथे. मग जो भेटेल तो सल्ला देतो, पेंड वाढव, मका चालू कर, मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, बॅगा आण. यातला एकही सल्ला सरसकट चुकीचा नाही, गडबड अशी की सोलापूर-सांगोला-जत-माण पट्ट्यात 42 डिग्रीला जे लागू पडतं ते डिसेंबरपेक्षा वेगळं असतं आणि सल्ला मात्र बारा महिने तोच दिला जातो.

कुठल्या चाऱ्यात प्रोटीन किती, हा प्रश्न हिवाळ्यात पुरतो. उन्हाळ्यात त्याच्या जोडीला आणखी एक विचारावा लागतो: हा चारा पोटात गेल्यावर उष्णता किती करतो आणि ती दिवसाच्या कुठल्या वेळी बाहेर पडते? हे एकदा डोक्यात बसलं की कडबा बरा की पेंड बरी हा वाद बराचसा आपोआप मिटतो.

मेंढी रवंथ करणारं जनावर. तिच्या पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, रुमेन, तिथे कोट्यवधी जिवाणू चारा आंबवतात. आंबवणं म्हटलं की उष्णता आलीच, ओल्या कुट्टीचा ढीग दोन दिवस झाकून ठेवा आणि आत हात घालून बघा. पोटातही हेच चालू असतं, आणि ते कोकरू सावलीत बसलेलं असलं तरी चालूच असतं. वरून ऊन आणि आतून ही उष्णता, असा दुहेरी मार. थंडीत हीच आतली उष्णता उपयोगाची असते, जनावर तिच्यावर ऊब धरतं, मे महिन्यात मात्र ती बाहेर टाकायलाच वेगळी ताकद खर्च करावी लागते.

आता सगळा चारा सारखी उष्णता करत नाही. जितका चारा काडीचा, धसाड्या, कमी पचणारा, तितकी त्याच्यावर मेहनत जास्त, चावणं जास्त, रवंथ जास्त, आंबणं लांबतं आणि त्यातून हाताला लागणारी ताकद कमी. म्हणजे ज्वारीचा कडबा गरीब चारा आहे आणि वर तापटही आहे. मका भरड्यासारखं धान्य तेवढ्याच ताकदीमागे कमी उष्णता करतं, आणि तेल-चरबी तर सगळ्यात कमी. प्रोटीनचं जरा गमतीचं आहे, हवं तेवढं प्रोटीन अंगाला लागतं, पण गरजेपेक्षा जास्त घातलं की शरीर ते मोडून लघवीवाटे बाहेर टाकतं, त्या मोडण्यात उष्णताही होते आणि पाणीही जास्त जातं. त्यामुळे ‘उन्हाळ्यात अशक्तपणा येतो म्हणून पेंड डबल’ हा हिशोब उलटा पडू शकतो.

मग सरळ उत्तर असं वाटेल की कडबा बंद, मका आणि तेल चालू. इथेच खरी मेख आहे.

मेंढीला घाम फारसा येत नाही, ती उष्णता श्वासावाटे टाकते, म्हणून धापा टाकते. दुपारी दोनच्या सुमारास एखाद्या कोकराजवळ जरा लांबच बसा, त्याला हलवू नका, आणि बरगडीमागची कूस एका मिनिटात किती वेळा वरखाली होते ते मोजा. निवांत मेंढीचा श्वास मिनिटाला 20 ते 30 असतो. 40 ते 60 म्हणजे उन्हाचा थोडा ताण, 80 च्या पुढे गेला म्हणजे चांगलाच ताण, आणि तोंड उघडं टाकून, मान पुढे काढून धापा टाकत असेल तर त्या दिवशी वजन वाढायचा विषय सोडून द्या, त्या कोकराचा सगळा खुराक थंड राहण्यात चाललाय. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून दोन-तीन कोकरं मोजायला पाच मिनिटं लागतात आणि ही एक गोष्ट जितकं सांगते तितकं महागडं थर्मामीटरही सांगत नाही.

आता या धापांचा चाऱ्याशी संबंध असा. एक म्हणजे धापा टाकणारं जनावर रवंथ कमी करतं. दुसरं, धापांमध्ये कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, त्याने रक्ताचा तोल बिघडतो आणि तो सावरायला शरीर बायकार्बोनेट, म्हणजे आपल्या खायच्या सोड्यातला जो मुख्य घटक, तो लघवीतून टाकून देतं. तिसरं, लाळ गळून बाहेर जाते. आणि रुमेनमध्ये तयार होणारं आम्ल मारायचं काम कोण करतं? हीच लाळ आणि तिच्यातलं बायकार्बोनेट. म्हणजे जे धान्य कमी उष्णता करतं म्हणून आपण उन्हाळ्यात वाढवायला निघालो, तेच धान्य पचवताना लागणारं संरक्षण नेमकं उन्हाळ्यातच सगळ्यात कमी असतं. पोट आम्लाचं होतं, कोकरू खायचं सोडतं, लेंड्यांच्या जागी पातळ शेण येतं, पाय दुखरे होतात, आणि जोराचा फटका बसला तर सकाळी कोकरू मेलेलं सापडतं. कडब्याने तापायचं की मक्याने आंबायचं, या दोन टोकांच्या मधली वाट काढायची आहे, एवढाच सगळा विषय आहे खरं तर.

ही मधली वाट सापडते ती कडधान्याच्या भुसकटात, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्याकडे त्याची किंमत फार कमी लोकांना कळते. तुरीचं भुसकट, हरभऱ्याचं भुसकट, सोयाबीनची गुळी, विदर्भात ज्याला कुटार म्हणतात ते, आणि सगळ्यांत भारी म्हणजे भुईमुगाचा वाळलेला पाला. कडब्यात प्रोटीन जेमतेम 3-4 टक्के, भुसकटात 6-8 च्या आसपास आणि भुईमुगाच्या पाल्यात तर त्याहूनही चांगलं, शिवाय पानांचा भाग जास्त असल्याने पटकन पचतं आणि काडीही थोडीफार असल्याने रवंथही चालू राहते. लोक हे फेब्रुवारीत बांधावर पेटवून देतात किंवा पावसात कुजू देतात आणि मेमध्ये कडब्याची पेंढी महागात घेतात. ज्याच्याकडे कोकरं आहेत त्याने मळणी चालू असतानाच भुसकट बोलून ठेवावं, नंतर मिळतं ते अर्धं मातीचं असतं.

हिरव्याकडे येऊ. लसूणघास, बोलताना नुसती ‘लसूण’, म्हणजे उन्हाळ्यातलं सोनं, ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्यासाठी. वाळवून मोजली तर तिच्यात 18-20 टक्के प्रोटीन, पचायला हलकी, कॅल्शियम भरपूर, जीवनसत्त्व अ मिळतं जे नुसत्या कडब्यावरच्या कोकरांना मिळत नाही, आणि एक किलो लसणीत जवळजवळ 800 मिली पाणीच असतं. पण म्हणूनच तिचं पोट भरणारं वजन फसवं असतं, किलोभर लसूण म्हणजे खरं अन्न फक्त 200 ग्रॅम. ओली, दव पडलेली लसूण उपाशी पोटी सोडली तर पोटफुगी होते, म्हणून आदल्या संध्याकाळी कापून रात्रभर सुकवलेली आणि आधी मूठ-दोन मूठ भुसकट पोटात गेल्यावर. दशरथ घास, हादगा, शेवग्याचा पाला हे सगळे त्याच घरचे, बांधावर लावले की एप्रिलात उपयोगी येतात. सुबाभळीचा पाला प्रोटीनला चांगला, फक्त त्यातल्या मिमोसिनमुळे लोकर-केस गळतात आणि वाढ खुंटते, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको.

आणि बाभळीच्या शेंगा! हे खाद्य उन्हाळ्यासाठीच बनल्यासारखं आहे, बाकी सगळं वाळतं तेव्हा शेंगा पिकून पडतात. धनगर मंडळी लांब काठीला आकडी बांधून फांदी हलवतात आणि शेंगांचा आवाज झाला की रानभर पांगलेली मेंढरं धावत येतात, बोलवावं लागत नाही. प्रोटीन 12-13 टक्क्यांच्या घरात, टॅनिन हा तुरट घटक आहे म्हणून एकाच वेळी पोटभर नको, पण कोकरामागे दीडशे-दोनशे ग्रॅम रोज चालून जातं. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात आणि मेंढरं त्यावर तुटून पडतात, त्याही चालतात, फक्त बी लेंडीतून जिथे पडेल तिथे वेडी बाभूळ उगवणार हे धरून चाला. भरडून दिल्या तर हा प्रश्न सुटतो आणि बीमधलं प्रोटीनही मिळतं.

मुरघासाचं काय, तर मक्याचा चांगला मुरघास कडब्यापेक्षा कितीतरी बरा, मऊ, ओलसर, दाणा असल्याने ताकद देणारा. प्रोटीन मात्र 8 टक्क्यांच्या आसपासच, म्हणजे वाढत्या कोकराला एकट्या मुरघासावर ठेवलं तर पोट दिसतं आणि पाठ भरत नाही. उन्हाळ्यात आणखी एक अडचण म्हणजे बॅग किंवा खड्डा उघडला की हवा लागून तो पुन्हा तापायला लागतो. दहा-वीस कोकरांसाठी मोठा खड्डा उघडू नका, दोन-तीन दिवसांत संपेल अशी छोटी बॅग घ्या. चांगल्या मुरघासाला आंबूस-गोडसर वास येतो आणि हात घातला तर तो थंड लागतो, गरम लागला, कुबट वास आला, पांढरी-निळी बुरशी दिसली की तो भाग सरळ उकिरड्यावर. गाय कदाचित पचवून घेईल, मेंढी नाही, खराब मुरघासातून मेंढीला लिस्टेरिया नावाचा जिवाणू लागतो आणि मग मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागते, तिथून परत आणणं अवघड.

उसाचं वाढं पश्चिम महाराष्ट्रात गाळप चालू असेपर्यंत फुकटासारखं मिळतं, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं आणि प्रोटीनही कमीच, म्हणून वाढत्या जनावराला ते तोंडी लावण्यापुरतंच, आणि चुन्याची निवळी शिंपडून. मेपर्यंत बहुतेक कारखाने बंदच झालेले असतात म्हणा.

आता दोन फॅशनेबल चाऱ्यांविषयी, कारण यावर व्हिडिओ फार फिरतात. हायड्रोपोनिक मका, म्हणजे मातीशिवाय नुसत्या पाण्यावर उगवलेला: एका किलो मक्याचा सहा-सात किलो हिरवा चारा होतो, हे खरं आहे, पण ते वाढलेलं वजन सगळं पाण्याचं असतं, दाण्यातलं खरं अन्न वाढत नाही, उगवताना थोडं खर्चच होतं. हिरवं काहीच मिळत नसेल तर थोडासा जरूर करा, पण एका किलोचे सात किलो झाले म्हणून सात किलोचा हिशोब धरू नका. अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक वनस्पती: वाळवून प्रोटीन 25 टक्क्यांपर्यंत, पण ताज्या अझोल्यात कोरडा भाग किलोला 60-70 ग्रॅमच, म्हणजे किलोभर अझोल्यात साधारण 15 ग्रॅम प्रोटीन. शेंगदाणा पेंडीच्या एका छोट्या मुठीत त्याहून जास्त असतं. आणि 42 डिग्रीला अझोल्याचा खड्डा जगवायला जी सावली आणि जे पाणी लागतं तेच कोकरांना द्या की.

हिशोब एकदा मांडून बघू, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही. 15 किलोचं कोकरू घ्या. ते रोज वजनाच्या साधारण 4 टक्के कोरडा चारा खातं, म्हणजे 600 ग्रॅम (कोरडा म्हणजे पाणी वजा करून, हे महत्त्वाचं). वाढायचं असेल तर त्यात 14 टक्के तरी प्रोटीन हवं, म्हणजे 84 ग्रॅम. नुसता कडबा 600 ग्रॅम खाल्ला तर मिळतात 24 ग्रॅम. इथेच कळतं काटा का हलत नाही, आणि उन्हात खाणंही कमी होतं म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. आता दुसरा डाव: एक किलो सुकवत ठेवलेली लसूण, म्हणजे कोरडी 200 ग्रॅम आणि प्रोटीन 38 च्या आसपास, त्यावर 18 टक्के प्रोटीनचा खुराक, म्हणजे धान्य-पेंडीचं मिश्रण, 200 ग्रॅम, त्यातून 36, आणि उरलेलं दोन-सव्वादोनशे ग्रॅम तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट, त्यातून 16-17. बेरीज 90 च्या वर गेली, कोरडा चारा 600 च झाला, धान्य-पेंडीचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आत राहिला म्हणजे पोट आंबायची भीतीही कमी. लसूण नाही? मग बाभळीच्या शेंगा नाहीतर हादग्याचा पाला आणि खुराक 200 चा 250-300, पण दोन वेळा वाटून.

हा 18 टक्क्यांचा खुराक घरी बनवायचा तर मका भरडा निम्मा, गव्हाचा कोंडा आणि तूर-हरभरा चुणी (डाळ करताना उरणारा चुरा) मिळून पाव आणि शेंगदाणा पेंड उरलेली पाव, यातच साधारण जमतं, त्यात 1 टक्का मीठ, 2 टक्के मिनरल मिक्स्चर आणि उन्हाळ्यापुरता 1 टक्का खायचा सोडा. मिनरल मिक्स्चर मेंढीचंच आणा, गाईचं किंवा कोंबडीचं नको, त्यात तांबं जास्त असतं आणि मेंढीला तांबं फार लवकर बाधतं, ते यकृतात साठत जातं आणि एक दिवस अचानक लघवी लाल होऊन जनावर जातं. हे खूप जणांना माहीत नसतं, दुकानदारालाही नसतं.

पेंड कुठली? नेहमी पोत्याचा भाव बघतात, बघायचा असतो प्रोटीनचा भाव. समजा शेंगदाणा पेंड 50 रुपये किलो आणि तिच्यात प्रोटीन 45 टक्के, तर एक किलो प्रोटीन पडलं 111 रुपयांना. सरकी पेंड समजा 36 रुपये आणि प्रोटीन 22 टक्के, तर तेच पडलं 164 ला. स्वस्त दिसणारी महाग निघाली. भाव तुमच्या बाजारातले घाला, भागाकार तोच. सरकी पेंडीत तेल जास्त राहतं ही तिची जमेची बाजू, तेलाच्या ताकदीमागे उष्णता सगळ्यात कमी होते हे वर आलंच, पण सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो, म्हणून तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांना नकोच. शेंगदाणा पेंडीला भीती बुरशीची, दमट जागी ठेवलेली जुनी पेंड स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. खुराकात थोडं खाद्यतेल घालायचं तर कोकरामागे दिवसाला 10-15 ग्रॅम, त्यापुढे गेलं की रुमेनमधले काडी पचवणारे जिवाणूच दबतात.

दीड-दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू या सगळ्या हिशोबात बसत नाही. त्याचं रुमेन अजून तयारच व्हायचंय, त्याचं मुख्य अन्न दूध. त्याला तिसऱ्या आठवड्यापासून बाजूला, आई आत शिरू शकणार नाही अशा आडोशात, 18-20 टक्के प्रोटीनचा बारीक भरडा आणि कोवळा पाला चाटायला ठेवायचा आणि आईचं दूध टिकेल हे बघायचं, म्हणजे आईलाच खुराक. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गारोळ मेंढीतला जुळ्यांचा जीन दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, ती मेंढरं आता बऱ्याच ठिकाणी आहेत, त्यांच्याकडे तर हे जास्तच लागू, कारण एका कासेवर दोन तोंडं असतात आणि दोन्ही पिल्लं उन्हाळ्यात थोडी हलकीच शिरतात. माडग्याळ जातीचं कोकरू मुळातच मोठं, झपाट्याने वाढणारं, त्याची भूक दख्खनीपेक्षा जास्त, त्याला वरच्या हिशोबात किलोप्रमाणे वाढवून घ्या.

काय घालायचं इतकंच कधी घालायचं हेही आहे, आणि याला एक रुपया लागत नाही. खाल्ल्यानंतर पोटातली उष्णता तीन-चार तासांनी टोकाला जाते. सकाळी नऊला गव्हाणीत कडबा-खुराक टाकला तर ती उष्णता साडेबारा-एकला, म्हणजे नेमकी पत्र्याचं शेड तापलेलं असताना. तोच खुराक सहाला दिला तर दहाच्या आत निम्मं काम उरकलेलं असतं. काडीचा चारा, कडबा-भुसकट, शक्यतो संध्याकाळी सहानंतर आणि रात्री, रात्रभर निवांत रवंथ करू दे, गार हवेत ती उष्णता निघून जाते. दिवसा हलकं, हिरवं, थोडं. साठ टक्के खाणं संध्याकाळनंतर झालं तर उत्तम. चरायला सोडायचं तर पहाटेपासून दहापर्यंत आणि परत साडेचारनंतर, मधला वेळ झाडाखाली. फिरस्ते मेंढपाळ हे पिढ्यान्‌पिढ्या करतात, चांदण्या रात्री चारतातही, पण माळरानावर लांडगा आणि जुन्नरकडच्या उसात बिबट्या, तेव्हा रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून वाड्यातच चारा देणं जास्त शहाणपणाचं. ऊन, लांब चाल आणि अर्धपोटी राहणं हे तिन्ही एकत्र आलं की नुकसान नुसत्या उन्हापेक्षा कितीतरी जास्त होतं. म्हणून पाच किलोमीटर लांबचं बरं रान आणि दारातलं भुसकट यात मी मेमध्ये कोकरांसाठी भुसकट घेईन, मोठ्या मेंढ्या जाऊ देत लांब.

पाणी हा खरं तर पहिला चारा. कोरडा चारा 600 ग्रॅम खाणाऱ्या कोकराला कडक उन्हाळ्यात अडीच-तीन लिटर पाणी लागतं, ते कमी पडलं की खाणं त्याच दिवशी घसरतं. काळी टाकी उन्हात असेल तर दुपारी त्यातलं पाणी चहासारखं गरम होतं आणि कोकरं तोंड लावून सोडून देतात, आपण समजतो तहान नाही. सावलीत, सिमेंटच्या किंवा मातीच्या भांड्यात, दिवसातून तीनदा बदललेलं.

आता फॅटनिंगवाल्यांचं, म्हणजे विक्रीसाठी कोकरं भरवणाऱ्यांचं, कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि पुढची काही वर्षं तो जास्तच वेगळा राहणार. बकरी ईद दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे येते, 2025 ला ती 7 जूनला होती, 2026 ला मे अखेरीस, पुढे मेच्या मध्याकडे आणि मग एप्रिलाकडे. म्हणजे विक्रीआधीचे भरणीचे दोन-तीन महिने भर उन्हाळ्यातच येतात, त्यांना ‘पावसाळ्यात भरेल’ म्हणून थांबता येत नाही. इथे 60 टक्के खुराक आणि 40 टक्के चारा, किंवा दोन्ही एकत्र दळून केलेल्या कांड्या, हे चालतं, कांडीचा फायदा असा की कोकरू नुसतं धान्य वेचून खाऊ शकत नाही. पण खुराक चढवताना दोन-तीन आठवडे घ्या, रोज वीस-पंचवीस ग्रॅम, एकदम नाही. शिळा भात, भाकरी, गव्हाचं घमेलं समोर ठेवणं हे गावात सर्रास दिसतं आणि ईदच्या आधी मरतात ती बरीचशी अशीच.

दुसरं, नर कोकरांना धान्यावर मूतखडा होतो, धान्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी, आणि उन्हाळ्यात लघवी घट्ट. कोकरू कण्हत, शेपटी हलवत, थेंब थेंब लघवी करत असेल तर तासाभरात डॉक्टर. टाळायचं तर चुनखडीची पूड घालून कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट ठेवायचं, मीठ आणि पाणी भरपूर. इथे एक तिढा आहे, वर सांगितलेला सोडा पोटाला चांगला पण लघवी अल्कलाइन करतो आणि काही खड्यांना तेच हवं असतं, म्हणून जड खुराकावरच्या नरांना सोडा बेताने आणि लघवी आम्ल करणारा नवसागर द्यायचा असेल तर खाद्याच्या दर्जाचा, पशुवैद्यकाला विचारून.

आणि पैशाचा हिशोब ठेवा. समजा 20 किलोच्या कोकरावर दिवसाला 22 रुपये खर्च होतात. थंडीत ते 140 ग्रॅम वाढलं तर वाढलेला किलो पडला 157 रुपयांना. तोच खुराक मेमध्ये खाऊन ते 90 ग्रॅमच वाढलं तर किलो पडला 244 ला. ईदचा भाव मिळणार असेल तर हे परवडतं. ज्याला तशी घाई नाही त्याने मेमध्ये 140 च्या मागे लागूच नये, 50-60 ग्रॅम रोज, पोट धड, अंगावर तुकतुकी, एवढं पुरे, कारण थोडं रोडावलेलं पण धडधाकट कोकरू जुलैच्या गवतावर मागचं बरंचसं भरून काढतं. पार हाडं निघालेलं मात्र काढत नाही, तेव्हा ‘भरून काढेल’ म्हणून उपाशीही ठेवायचं नाही. पाठीच्या मणक्यावर बोटं फिरवा, टोकं जाणवावीत पण टोचू नयेत.

जूनमध्ये पाऊस पडला की सगळं सोपं झालं असं वाटतं आणि तिथेच दगा होतो. दोन महिने कोरड्यावर असलेल्या पोटात कोवळं गवत एकदम गेलं की आंत्रविषाराचा जिवाणू भराभर वाढतो, सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू आधी जातं. त्याची लस मेमध्येच टोचून घ्यायची, पहिल्यांदाच टोचत असाल तर डॉक्टर सांगतील त्या अंतराने बूस्टर. कापलेल्या ज्वारीच्या खोडक्यांना पहिल्या पावसावर जे पोपटी फुटवे येतात त्यात सायनाइडचं विष असतं, त्या रानात कोकरू सोडायचं नाही. आणि पहिले आठ-दहा दिवस सकाळी सोडण्याआधी मूठभर भुसकट पोटात, चरणं सुरुवातीला तासभर, मग दोन तास, आणि खुराक त्या आठवड्यात एकदम बंद न करता रोज थोडा थोडा उतरवत न्यायचा.